चकाचकच्या व्हॅनचं पासिंग

आमच्या गल्लीत चकाचक राहतो. हे त्याचं खरं नाव नाही हे उघड आहे, पण खरं नाव आता त्याच्या बायकोलाही दोनदा विचारावं लागतं. बावीस वर्षं तो एका गॅरेजात गाड्या रंगवायचा. कुठं तरी धडकून, तोंड वेंगाडून आलेली गाडी याच्या हाताखालून गेली की मालकाला स्वतःचीच गाडी ओळखू यायची नाही. गॅरेज बंद पडलं, पण हाताची खाज गेली नाही. घरातली जी वस्तू दोन मिनिटं हलली नाही ती त्यानं रंगवली. दाराच्या कडीला इतके हात दिले की ती आता कोयंड्यात जात नाही. कपडे वाळत घालायची तार रंगवली आणि त्या आठवड्यात सगळ्या घरादाराच्या पाठीवर हिरवी रेघ. त्यांच्याकडे गेलं की खुर्चीवर बसायच्या आधी बोट लावून बघायची पद्धत आहे. मी अजून बघतो.

गॅरेज सुटल्यावर त्यानं एक जुनी व्हॅन घेतली आणि गल्लीतली अकरा पोरं शाळेत सोडायचं काम धरलं. याला सात वर्षं झाली. व्हॅनचं वय सोळा, पण चकाचकच्या कृपेनं दिसायची सोळा दिवसांची. पोरं तिच्या दारात बघून भांग पाडायची. आम्ही मोठी माणसंही पाडायचो, ज्यांना उरला होता ते.

तर यंदा सुट्टी संपत आली आणि शाळेच्या कारकुनानं निरोप धाडला. व्हॅनच्या पासिंगची मुदत संपली आहे. सोमवारी शाळा उघडेल तेव्हा नवा कागद टेबलावर हवा. नसेल, तर तुमच्या गल्लीची पोरं पडदेवाल्याला दिली. पडदेवाला म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा व्हॅनवाला. त्याच्या गाडीला झालरीचे पडदे आहेत आणि आत गाणी लागतात. गाडीबद्दल याहून जास्त कोणालाच काही माहीत नाही, आणि कोणी विचारतही नाही.

चकाचक हसला. आतापर्यंतचं पासिंग म्हणजे जुन्या आवारात एक म्हातारे साहेब यायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे, रंगावरून हात फिरवायचे आणि आमच्या घराचे दरवाजे कधी करून देता असं विचारून सही करायचे. पण कारकुनानं निरोपासोबत एक कागदही दिला होता. नवे नियम, बत्तीस कलमं. तो कागद चकाचकनं घडी घालून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

वहिनींनी तो तिथून काढला. वहिनी म्हणजे चकाचकची बायको; घरात शिवणकाम करतात. बाई अशा की पाहुणा दारात उभा राहिला तरी त्याच्या खांद्याचं माप नजरेनं घेऊन ठेवतात. त्यांनी तो कागद तीनदा वाचला. भाषा अर्थातच सरकारी होती, ‘सदर वाहनाचे पुसणीचे रबर अखंड असावे’ अशी. वहिनींनी मला बोलावलं, कारण मी कचेरीत काम करतो आणि ही भाषा मला येते असा त्यांचा गैरसमज आहे. आम्ही दोघांनी मिळून पुसणी म्हणजे वायपर इथपर्यंत मजल मारली. मग वहिनी शिवणाचा खडू घेऊन गाडीभोवती फिरल्या आणि जिथं दोष दिसला तिथं फुली मारली. वायपरचं रबर फाटलेलं. डावा इंडिकेटर मूड असेल तर लागायचा. आग विझवायच्या नळकांड्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली, पण रंग ताजा लाल.

चकाचक त्या फुल्यांकडे बघून हळहळला. दोषांसाठी नव्हे, खडूसाठी. तो म्हणाला, गाडी माणसासारखी असते, बघितली की कळते.

“माझ्या वडिलांनीही तुम्हाला नुसतं बघितलंच होतं,” वहिनी म्हणाल्या.

बुधवारपर्यंत वरचं सगळं दुरुस्त झालं. राहिलं एकोणिसावं कलम: चेसिस क्रमांक स्पष्ट वाचता यावा, सांगाड्याला गंज, भेग वा छिद्र नसावे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चेसिस म्हणजे गाडीखालचा लोखंडी सांगाडा. त्यावर कारखान्यात एक लांबलचक नंबर ठोकलेला असतो. गाडीची जन्मखूणच ती. चकाचक म्हणाला, खालचं मी बघतो, त्यात तुम्ही लक्ष घालू नका.

गुरुवारी दुपारी त्यानं गाडी जॅकवर उचलली आणि तो खाली सरपटला. मी बघायला गेलो. दुसऱ्याला काम करताना बघणं ही माझी एकुलती एक करमणूक आहे. त्यानं मला हातदिवा धरायला लावला. तो काही तरी खरवडत होता, काही तरी भरत होता, मग पॉलिश पेपरनं घासत होता. मी विचारलं, काय रे हे. तो म्हणाला, जराशी खरूज आहे. मी म्हणालो, मग तिला रंग नको, डॉक्टर पाहिजे. आम्ही दोघंही हसलो. मग त्यानं स्प्रे गन घेतली. प्रायमरचे दोन हात, काळ्या रंगाचे तीन आणि वर चमकीसाठी लॅकर. संध्याकाळपर्यंत गाडीचं पोट असं चमकायला लागलं की खाली झोपून दाढी करावी.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. वहिनींनी शिवणाची कामं बाजूला ठेवली आणि त्याही गाडीत बसल्या. त्यांना आम्हा दोघांपैकी कोणाचाच भरवसा नव्हता, आणि तो त्यांनी कधी लपवलेलाही नाही. तपासणी केंद्र कुठं आहे हे मला माहीत आहे असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. चकाचकला विचारपूस करणं मंजूर नव्हतं. त्याच्या मते रस्ता विचारणारा ड्रायव्हर म्हणजे शेजाऱ्याला मीठ चाखायला लावणारा आचारी.

मी सांगितलं तिथं आम्ही बरोबर पोचलो. जुनं आवार, तेच फाटक, तीच पाण्याची टाकी. आत गाद्यांचं दुकान होतं.

केंद्र तिथून हलून सहा महिने झाले होते. तरी रोज चार-पाच गाड्या त्या आवारात शिरायच्याच. गादीवाला त्यावर वैतागला नव्हता. वैतागणारी माणसं वेगळी, धंदा करणारी वेगळी. त्यानं नव्या केंद्राचा नकाशा हातानं काढून त्याच्या प्रती करून ठेवल्या होत्या. फक्त नकाशा हवा असेल तर आधी एका गादीवर आडवं व्हायला लागायचं. मी झालो. चकाचक म्हणाला, मी पडणार नाही, मी कामाला आलोय. गादीवाला म्हणाला, साहेब, इथं सगळे कामालाच येतात. शेवटी वहिनींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि नकाशा आपोआप त्यांच्या हातात आला. त्यांनी जाता जाता गादीची शिवणही उलटून बघितली आणि टाका सैल आहे म्हणून सांगितलं.

नवं केंद्र गावाबाहेर, गोदामांच्या पलीकडे. पत्र्याची भलीमोठी शेड, आत दोन रांगा, जमिनीत खड्डे, आणि चाकांखाली फिरणारे लोखंडी रूळ. फाटकाबाहेर एक माणूस स्टुलावर बसून नंबरप्लेटी रंगवत होता. चकाचकनं त्याचं काम येता येता बघितलं आणि नाक मुरडलं.

तपासणीला एक बाई होत्या. वय तिशीच्या आत, कानामागे पेन्सिल, बोलणं मोजून. चकाचकनं त्यांना गाडीचा रंग कसा दिला ते सांगायला सुरुवात केली. बाईंनी त्याला दिवे लावायला सांगितलं. दिवे लागले. इंडिकेटर दोन्ही बाजूंचे लागले, मूड नसतानाही. हॉर्न वाजला. धुराची नळी लावली, आकडा बरा आला. मग चाकं रुळांवर घेतली, रूळ गरगर फिरले, ब्रेक दाबला आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटली. चकाचकनं आमच्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू ती रेघही त्यानंच रंगवली होती.

मग बाई खड्ड्यात उतरल्या. आम्ही वर ओणवे झालो. त्यांनी गाडीच्या पोटावर बॅटरीचा उजेड टाकला आणि क्षणभर थांबल्या. खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला रोज चिखल आणि ऑइल बघायची सवय असणार. एकदम आरसा दिसल्यावर कोणीही थांबेल. त्यांनी पातळ कागद काढला, नंबर असतो त्या जागी चिकटवला आणि त्यावर पेन्सिल आडवी धरून घासली. असं घासलं की खालचे आकडे कागदावर उमटतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण सगळ्यांनी केलंय. कागद काळा झाला. नुसता काळा. एक आकडा नाही.

त्यांनी दुसरा कागद घेतला. तोही काळा.

“नंबर कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

“तिथंच आहे, बाई. त्याच्यावर रंग आहे. हात फिरवून बघा, कणभर उंचवटा लागायचा नाही.”

बाईंनी खरोखरच हात फिरवला. “काम सुरेख आहे,” त्या म्हणाल्या. “नापास.”

मागे रांगेत उभे असलेले ड्रायव्हर इतके हसले की एकाला खोकला लागला. मी हसलो नाही असं सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही, म्हणून सांगत नाही. जगात लोक नंबर लपवण्यासाठी कानशीनं घासतात, हातोड्यानं ठेचतात. आमच्या गड्यानं कोणाचं वाईट न चिंतता, निव्वळ सफाईच्या हौसेनं गाडीची जन्मखूण बुजवली होती.

बाईंनी नियम सांगितला. दोष काढून चारच्या आत परत रांगेत आलात तर आजच बघू, नाही तर पुढच्या बुधवारी. आणि नंबरच्या जागी पॉलिश पेपर, ब्रश, कानस काही लावायचं नाही. घासल्याची खूण दिसली तर गाडी इथंच अडकवून ठेवू. म्हणजे उरलं थिनर आणि फडकं. चकाचकच्या घरात थिनरचे डबे रचून ठेवलेत, पण गाडीत थेंब नव्हता. तो फाटकाबाहेरच्या नंबरप्लेटवाल्याकडे गेला. त्यानं अर्धी बाटली दिली, कशाला पाहिजे ते विचारलं, आणि ऐकून म्हणाला, कोण नवशिका होता हो रंगवणारा? चकाचकनं बाटली घेतली आणि परत आला.

गाडी बाजूच्या रॅम्पवर लावली. चकाचक खाली सरपटला, वहिनी शेजारी उकिडव्या बसल्या, मी फडकी पुरवायला. त्यानं आधी नंबरभोवती चिकटपट्टी लावली, बाकीचा रंग खराब होऊ नये म्हणून. मग थिनरचा बोळा फिरवायला लागला. एकेक आकडा वर यायला लागला. काम झकास चाललं होतं. तीन वाजायला वीस मिनिटं होती. सोमवार हातात आल्यासारखा होता.

“डावीकडे पट्टी चार पदरी कशाला?” वहिनींनी विचारलं.

तो म्हणाला, रंग ओघळेल. वहिनी म्हणाल्या, मग उजवीकडे का ओघळत नाही? बोळा आणखी जोरात फिरायला लागला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

“भावजी, गुरुवारी दिवा तुम्ही धरला होता ना?”

मी फडकी मोजत बसलो. वहिनींनी मग नवऱ्यालाच विचारलं. गाडीखालून उत्तर आलं, की भोक आहे. गंजून पडलंय. बोट जाईल एवढं. आणि त्यात पुट्टी भरली आहे.

पुढचं तो भराभर बोलला. सात वर्षांत एका पोराला ओरखडा नाही. सोमवारी कागद गेला नाही तर पडदेवाला टपलेलाच आहे, एकदा गेलेली पोरं परत येत नाहीत. पासिंग होऊ दे, पुढच्या सुट्टीत वेल्डिंग करून घेतो. बाईंनी फक्त नंबर मागितलाय, तेवढा दिसतोय.

“मी फाटक्या कापडाला ठिगळ लावते तेव्हा गिऱ्हाइकाला दाखवून लावते,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही अकरा पोरांना ठिगळावर बसवता. तुमचं तुम्ही ठरवा. मी या गाडीतून घरी येणार नाही.”

त्यांनी पिशवी उचलली आणि फाटकाकडे चालू लागल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, नवऱ्यांना चढलेल्या आवाजाची सवय असते.

चकाचक गाडीखालीच राहिला. बाहेर नुसत्या चपला दिसत होत्या. काहीही न रंगवता तो गाडीखाली एवढा वेळ कधी राहिला नसेल. मला वाटलं काही तरी बोलावं. सुचलं ते सगळं विनोदीच होतं, म्हणून फडकी गोळा करायला लागलो.

शेवटी तो बाहेर आला आणि गाडी परत रांगेत घातली. बाई खड्ड्यात उतरल्या, कागद लावला, पेन्सिल फिरवली. आकडे स्वच्छ उमटले. त्यांनी ते गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी ताडून बघितले, मान हलवली आणि तक्त्यावर खूण करायला पेन्सिल टेकवली.

“बाई, नंबरच्या डावीकडे हातोडी मारून बघा,” चकाचक म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे बघितलं, कमरेची छोटी हातोडी काढली आणि हलकेच ठोकली. पुट्टीचा तुकडा बिस्किटासारखा खाली पडला. मी वाकून बघितलं. बोट जाईल म्हणाला होता तो, पण बोट कोणाचं ते सांगितलं नव्हतं. माझी दोन गेली असती.

“आणखी कुठं?” बाईंनी विचारलं.

चकाचकनं थोडा विचार केला. “मागच्या दाराखाली एक आहे,” तो म्हणाला.

नापासाची चिठ्ठी मिळाली. वेल्डिंग करून, त्याचा दाखला घेऊन या. तोपर्यंत रिकामी घरी न्या, पोरं बसवायची नाहीत. फाटकाजवळ वहिनी उभ्या होत्या. बस आली नव्हती की त्यांनी सोडली होती, मला माहीत नाही. चकाचकनं चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, त्यांच्या पद्धतीनं तीनदा, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मी मागे, पोरांच्या बाकावर, पाय थोडे उचलून धरून.

सोमवारी पडदेवाला आला आणि झालरीत गुंडाळून अकरा पोरं घेऊन गेला. व्हॅन वेल्डरकडे दहा दिवस होती. पुढच्याच्या पुढच्या बुधवारी ती पास झाली, जोडाच्या शिवणी उघड्या दिसत असताना. त्यांवर नुसता गंजरोधक लाल हात मारलेला, लॅकर नाही. बाईंनीच सांगितलं होतं म्हणे, जोड दिसू द्या. पोरांपैकी सहा परत आली. पाच नाही आली.

का नाही आली, तेही सांगून टाकतो. बातमी गल्लीत गेली होती, आणि ती मी नेली होती. गोष्टच अशी होती की पोटात राहीना. काळा कागद, नंबरप्लेटवाल्याचा ‘नवशिका’, बिस्किटासारखी पडलेली पुट्टी, सगळं मी न्हाव्याकडे सांगितलं, दूधवाल्याकडे सांगितलं, जिन्यात सांगितलं, हातवारे करून सांगितलं. लोक पोट धरून हसले. हसून झाल्यावर त्यांनी पुट्टी लक्षात ठेवली आणि हातोडी कोणी मारायला सांगितली ते विसरले. कालपर्यंत व्हॅनच्या दारात भांग पाडणारे आता तिला गंजकी म्हणायला लागले.

मध्यंतरी पडदेवालाच चकाचककडे आला. त्याच्या गाडीचं पासिंग जवळ आलं होतं, खालून जरा हात मारून द्या म्हणाला. चकाचक म्हणाला, देतो, आधी काय आहे ते बघू. पडदेवाल्याला घाई होती. त्यानं दुसरीकडून रंगवून घेतली.

त्या पाचांत माझी पुतणीही आहे. मी धाकट्या भावाच्या बायकोला समजावायला गेलो. म्हटलं, सगळ्या गावात एकच व्हॅन अशी आहे की जिच्या मालकानं स्वतःहून भोक दाखवलं, पोरीला तिच्यात बसव. ती भाजी चिरत होती. हसायला लागली.

“दादा, तुमचं आपलं काहीतरीच,” ती म्हणाली. “परवा तर जिन्यात नक्कल करून दाखवत होता त्याची.”

सकाळी सव्वासातला मी खिडकीत उभा असतो. चकाचकची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी येते, त्याच वेळी पुतणी दप्तर सावरत पलीकडे जायला निघते, पडद्यांच्या गाडीकडे. चकाचक ब्रेक दाबून उभा राहतो. ती रस्ता ओलांडून जाईपर्यंत थांबतो, मग गाडी पुढे काढतो. सहाच पोरं असतात, शाळेत वेळेच्या आधीच पोचत असेल.